रोज चालवायच्या मस्टँगला मागे ड्रॅग रेडियल टाकावेत का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: सेकंडहँड मस्टँग जीटी घेतली, गाव कळंबजवळ, दर आठवड्याला नागपूरची चक्कर असते, आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय जरा जोरात पडला की मागची चाकं जागेवर फिरतात. पुण्याचा मित्र म्हणतो मागे ड्रॅग रेडियल, म्हणजे सरळ पट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीचे मऊ टायर, टाक. टाकू का?

नका टाकू. चारही चाकांना एकाच जातीचे चांगले समर टायर (बर्फाचे नव्हे, कोरड्या-ओल्या रस्त्याचे) घ्या, ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकेल त्याचा आकडा, ३०० च्या आसपासचे. फारच हौस असेल तर २००. त्याखाली आपल्या भागात उतरू नका. वर्धा-यवतमाळ रोडवर माझं टायरचं दुकान आहे, या रस्त्यांवर टायरचं काय होतं ते रोज हाताळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आत्ता गाडीला काय लागलंय ते बघा. मस्टँग आपल्याकडे २०१६ मध्ये आली. अशा गाड्या चालतात कमी आणि शेडमध्ये उभ्या जास्त असतात. त्यामुळे नक्षी भरपूर दिसते, पण रबर वाळून कडक झालेलं असतं. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या कडेवर, डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचेच्या तळाशी बारीक चिरा दिसतात का तेही बॅटरी मारून पाहा. पाच लिटरचा व्ही-८, ४०० च्या आसपास हॉर्सपॉवर आणि खाली सहा-सात वर्षांचं वाळलेलं रबर, मग चाक फिरणारच. तुमचा अर्धा त्रास नुसत्या ताज्या टायरनेच जाईल असा माझा अंदाज आहे.

आता ट्रेडवेअर म्हणजे काय. हा अमेरिकेचा आकडा. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळच्या ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल, म्हणजे सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर, गाड्या पळवतात आणि मापाच्या टायरशी झीज ताडून पाहतात. माप १०० चं. २०० वाला त्याच्या दुप्पट टिकतो असं धरायचं. पण आकडा छापणारी कंपनीच असते, त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसऱ्या कंपनीचा २०० तंतोतंत सारखे नसतात. तरी अंदाज येतो. मिशलिनच्या पायलट स्पोर्ट ४एसवर ३०० आहे, टोयोच्या आर८८८आरवर १००. ड्रॅग रेडियल बहुतेक त्याहूनही खाली, काहींवर तर सरळ शून्य.

ड्रॅग रेडियल वाईट टायर नाही. ज्या कामासाठी बनवला तिथे त्याला तोड नाही. रबर अतिशय मऊ आणि कड लवचीक, त्यामुळे गाडी सुटताना टायर चुरगळून पट्टीला चिकटतो. पण ती पट्टी सरळ असते, कोरडी असते, झाडलेली असते, वर चिकट द्रव्य फवारलेलं असतं. आणि खाचा जेमतेम चार-पाच मिलिमीटरच्या. साध्या नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते, आणि कायद्याने १.६ च्या खाली गेलेला टायर बाद. म्हणजे मुळातच कमी खोली, वर मऊ रबर. काही हजार किलोमीटरमध्ये गोटा.

खरा प्रश्न जुलैचा आहे. झड लागली की शेतातून निघालेला ट्रॅक्टर पांदणीवरून डांबरी रोडवर चढतो आणि चाकाचे चिखलाचे गोळे सांडत जातो. मागून ट्रक, एसटी त्यावरून गेले की गोळ्यांचा सपाट थर होतो. काळी माती आणि काळं डांबर, थर वेगळा दिसतच नाही. वर चार थेंब पडले की साबण लावल्यासारखा रस्ता. नुसत्या चिखलावर कुठलाच टायर धरत नाही. चिखल-पाणी खाचांतून बाहेर फेकून रबर डांबरापर्यंत पोचलं तरच पकड मिळते, आणि त्याला खोल खाचा लागतात. तिथे मऊ रबराचा काही उपयोग नाही. मागची चाकं ओढणारी गाडी त्या थरावर फिरली तर सावरायला जागा कुठे? आपल्याकडे रोडच्या कडेला मुरूम असतो, आणि त्यापलीकडे नाली.

दिवाळीच्या आसपास दुसरं सुरू होतं. सोयाबीन निघालं की रोडवरच वाळत घातलेलं असतं. कोरडा दिवस असूनही चाकाखाली दाणे. शिवाय गिट्टी. मऊ रबर उन्हात तापलं की बारीक गिट्टी त्यात रुतते आणि वेग घेतला की मडगार्डच्या आत तडतडते. कमी ट्रेडवेअरचा टायर आमच्याकडे येतो तेव्हा पेचकसने एकेक खडा उकरून काढावा लागतो, काही खड्यांखाली रबर कापलेलं असतं. आणि शेतात गाडी घालूच नका. पऱ्हाटीचं किंवा तुरीचं धसकट पातळ कडेत घुसलं तर त्याला पंक्चर लागत नाही, टायरच जातो.

समृद्धीवर जाणार असाल तर वेगळी काळजी. सिमेंटचा रस्ता, मे महिना, ताशी १२० ची मर्यादा, आणि तासन् तास एकच वेग. तिथे टायर मरतो तो कमी हवेमुळे. पकड वाढावी म्हणून पट्टीवर हवा कमी करतात, ती सवय इकडे आणू नका. हवा कमी असली की कड सारखी दुमडते, आतून तापते आणि फाटते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढीच हवा, सकाळी, टायर थंड असताना. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण १ पीएसआय वाढतो, म्हणून दुपारी काटा चार-पाचने वर दिसेल. घाबरून ती हवा काढू नका.

चारही सारखे का म्हणतो? ब्रेकचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. मागे चिकट आणि पुढे जुने ठेवले तर कोरड्यात वळणावर नाक बाहेर जातं. उलट पावसात मागचे उथळ टायर आधी पाण्यावर तरंगतात आणि गाडी शेपटाकडून फिरते. एकाच गाडीचे दोन स्वभाव झाले तर चालवणाऱ्याचा हात कधीच बसत नाही.

रुंदीचा मोह होईल. २५५ (टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये) ला साधारण साडेआठ ते दहा इंचांची रिम चालते, २७५ ला नऊ ते अकरा. रिम न मोजता रुंद टायर चढवला तर कड फुगते आणि पावसात पाण्यावरही लवकर चढतो. मागे एक साइज वाढवायचीच असेल तर २७५ पुरे.

टायर मिळायला वेळ लागेल हे धरून चाला. जून २०२० पासून परदेशी टायरची आयात परवान्यावर आली आहे, अशा साइज लगेच हाती लागत नाहीत. कुणी स्वस्तात देतोय म्हटलं की आयएसआय मार्क आणि तारीख आधी बघा, बिलाचं नंतर. आणि पकड वाढली की धक्का पुढे सरकतो हेही लक्षात ठेवा: चाक फिरून सुटणारा जोर मग क्लच, अॅक्सल आणि मागच्या बुशवर (सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबरी तुकड्यांवर) येतो. चाक फिरताना मागून धडधड उड्या मारल्यासारखं वाटत असेल तर आधी बुश तपासा, टायरचं नंतर बघू.

साइज, तारखेचे चार आकडे आणि रिमची रुंदी इथे लिहा, त्यावरून नेमकी जोडी सांगतो.