राजा चांगला असेल तर राजेशाहीच बरी नाही का?

तुम्ही विचारलंय की राजा खरंच प्रजेची काळजी घेणारा असेल तर निवडणुका, पक्ष, भांडणं हे सगळं हवंच कशाला. मलाही कॉलेजात असताना अगदी असंच वाटायचं, राजा बोले दळ हाले, विषय संपला. पण इतिहास वाचत गेलो तसं कळलं की खरी अडचण त्या चांगल्या राजाच्या मागे कोण येणार ही आहे.

रोमचं बघा. नेर्वा, ट्रेजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस या चौघांच्याही मागे मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी दत्तक घेतलेल्या माणसाकडे गादी गेली आणि जवळजवळ ८० वर्षं कारभार नीट चालला. पाचवा मार्कस ऑरेलियस, इतका विचारी राजा शोधून सापडायचा नाही, पण त्याला मुलगा होता! १८० साली तो कमोडस गादीवर आला, पुढे पुढे तर सम्राट असून आखाड्यात ग्लॅडिएटर म्हणून उतरायला लागला, १९२ च्या शेवटच्या दिवशी त्याचा खून झाला आणि पुढच्या एका वर्षात पाच जण सम्राट म्हणून पुढे आले.

स्पेनचा दुसरा कार्लोस तर वाचवत नाही. घराण्यात पिढ्यानपिढ्या नात्यातच लग्नं, त्याची आई म्हणजे बापाची सख्खी भाची. पोराचा जबडा असा की धड चावता येईना, तब्येत कायम तोळामासा, आणि १६६५ साली चार वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा एवढ्या मोठ्या साम्राज्याचा राजा. त्यात त्या लेकराचा काय दोष? दोन लग्नं झाली, मूल झालं नाही, १७०० साली तो गेला आणि वारस कोण यावरून अख्खा युरोप १७०१ ते १७१४ लढत बसला. एका माणसाला मूल नाही म्हणून हजारो घरांतली पोरं मेली, हे मला आजही सहन होत नाही.

आता तुम्ही म्हणाल ब्रिटन, नॉर्वे, जपानमध्ये राजघराणी आहेतच की. आहेत, पण तिथे राज्य निवडून आलेलं सरकार करतं, राजा फक्त सही करतो. बेल्जियममध्ये १९९० साली गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला राजे बोदुआँ यांचं मन धजेना, तर मंत्रिमंडळाने ते राज्य करायला असमर्थ आहेत असं जाहीर केलं, मंत्र्यांनीच सह्या करून कायदा लागू केला आणि दुसऱ्या दिवशी संसदेने त्यांना परत राजा केलं. सौदी अरेबिया, ब्रुनेईसारख्या ठिकाणी मात्र अजून राजाचाच शब्द शेवटचा, तिथे असं काही करायची सोयच नाही.

तुमच्या मनातला चांगला राजा मला भूतानमध्ये दिसतो. जिग्मे सिंग्ये वांगचुक लोकांना इतके हवेसे होते की निवडणुका नकोत, तुम्हीच राहा असं लोकच म्हणत होते, तरी ते २००६ साली स्वतःहून पायउतार झाले, आणि २००८ च्या राज्यघटनेत तर राजाने ६५ व्या वर्षी निवृत्त व्हायचं असं कलमच आहे.