अर्जाआधी कोर्टात बस

गुन्हेशास्त्राच्या प्रवेशाच्या फॉर्मची घाई नको, आधी उद्देशपत्र, म्हणजे हा विषय का शिकायचा ते सांगणारं पत्र, लिही. ‘लहानपणापासून न्यायाची ओढ’ हे वाक्य मीही लिहिलं होतं. सरांनी लाल पेनाने खोडलं, बरं झालं. त्यापेक्षा म्हापशाच्या कोर्टात चार दिवस मागच्या बाकावर बस. कच्चे कैदी, तारखांवर तारखा, गैरहजर साक्षीदार... तुझा अभ्यासाचा प्रश्न तिथेच सापडेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता हा नवा फौजदारी कायदा आला, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना आयपीसीच, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिताच, लागते. मुलाखतीत इथेच गडबडतात. फोंड्यात राष्ट्रीय न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) विज्ञान विद्यापीठाचं संकुल आहे म्हणून तिथेच अर्ज करू नकोस. प्रयोगशाळा नको, तुरुंगातल्या माणसांसोबत काम हवं असेल तर मुंबईचं टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, बघ. आणि शिफारसपत्र मागायला गणेश चवथीच्या दिवसांत जाऊ नकोस बाबा, गोव्यात तेव्हा कोण भेटतंय!