जनुकीय संकेतामागे कुणाची योजना आहे का?

प्रश्न : 64 कोडॉन, 20 अमिनो आम्ले आणि जीवाणूपासून माणसापर्यंत एकच तक्ता. शिवाय हा तक्ता चुका पोटात घालणारा आहे, 10 लाखांत एक आहे, असे वाचले. इतकी नेमकी गोष्ट कुणी बुद्धिपुरस्सर आखल्याशिवाय होईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जनुकाच्या आरएनए नकलेतली ए, यू, जी, सी यांपैकी तीन अक्षरे म्हणजे एक कोडॉन. प्रथिनात कोणते अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा कोणता घटक, जोडायचा हे तो सांगतो; कोणत्या कोडॉनचा अर्थ काय, याचा तक्ता म्हणजे जनुकीय संकेत. एखादे अक्षर चुकले तरी प्रथिन फारसे बिघडू नये, अशी तक्त्याची मांडणी आहे, म्हणजे तो चुका पोटात घालतो, हे खरे आहे. कसे, ते एका कोडॉनवर पाहू. रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते, त्याचा कोडॉन जीएजी. एका वेळी एकच अक्षर बदलायचे ठरवले तर नऊ नवे कोडॉन मिळतात. तिसरे अक्षर बदलले की जीएए पुन्हा ग्लुटामिक आम्लच देतो. जीएयू आणि जीएसी ॲस्पार्टिक आम्ल देतात, तेही त्याच जातकुळीचे. पहिले बदलले तर लायसिन, ग्लुटामिन किंवा थेट ‘थांबा’, म्हणजे प्रथिन तिथेच संपवण्याची खूण. मधले बदलले तर व्हॅलिन, ॲलानिन, ग्लायसिन. यातला व्हॅलिनचा बदल म्हणजेच नंदुरबार आणि गडचिरोलीकडे परिचित असलेला सिकलसेल हा रक्ताचा आजार.

म्हणजे संरक्षण तिसऱ्या अक्षरावर दाट आहे आणि मधल्यावर विरळ. याचे बरेचसे कारण वाचण्याच्या पद्धतीतच आहे. कोडॉन ओळखून त्याचे अमिनो आम्ल आणणारा ट्रान्स्फर आरएनए हा रेणू पहिल्या दोन अक्षरांशी घट्ट जोडी जमवतो, तिसऱ्याशी सैल. शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक यांनी हे 1966 मध्ये मांडले. एकच ट्रान्स्फर आरएनए दोन-तीन कोडॉन वाचत असेल, तर त्या कोडॉनांचा अर्थ एकच निघणार. तेवढी सहनशीलता रसायनशास्त्राने आयतीच दिली.

‘10 लाखांत एक’ हा आकडा 1998 च्या स्टीफन फ्रीलंड आणि लॉरेन्स हर्स्ट या संशोधकांच्या गणिताचा. कोडॉनांचे गट तसेच ठेवून त्यांनी 20 अमिनो आम्लांची जागा यदृच्छेने बदलली, असे 10 लाख तक्ते संगणकावर तपासले, आणि त्यांच्या निकषांवर एकच तक्ता निसर्गातल्यापेक्षा सरस निघाला. आकडा मोठा आहे, पण पुढचा हिशोबही करायला हवा. 20 आम्लांची अदलाबदल सुमारे 24 वर 17 शून्ये इतक्या प्रकारे होते. त्यातला 10 लाखांत एक सरस धरला, तर ढोबळमानाने 2.4 लाख कोटी तक्ते आपल्या तक्त्याहून चांगले ठरतात. यदृच्छेने इतका चांगला तक्ता लागणार नाही, हे मान्य. पण यदृच्छा आणि योजना एवढे दोनच पर्याय नाहीत. बरा तक्ता असलेले जीव टिकत गेले तर नेमके असेच काही हाती लागेल : खूप चांगले, सर्वोत्तम नव्हे.

आणि तक्ता सगळीकडे एकच नाही. यूजीए हा नेहमीच्या तक्त्यात ‘थांबा’ आहे; आपल्याच पेशींतल्या तंतुकणिकांत (ऊर्जा पुरवणाऱ्या, स्वतःचा डीएनए असलेल्या मायटोकॉन्ड्रियांत) तो ट्रिप्टोफॅन आहे. कँडिडा बुरशीच्या अनेक जातींत सीयूजी ल्युसिनऐवजी सेरिन देतो. पॅरामेशियम या एकपेशीय जीवात यूएए आणि यूएजी ग्लुटामिन देतात. हे फरक वाटेल तसे विखुरलेले नाहीत, बहुतेक वंशावळीप्रमाणे गटागटाने सापडतात. वंशाने चालत आलेल्या आणि क्वचित बदललेल्या गोष्टीत हेच दिसायला हवे. कुणी रचनाकाराने तक्ता आखला असे मानणारा पक्ष मात्र एकच तक्ता असला तरी खूश आणि वेगळे असले तरीही खूश. कुठल्या निरीक्षणाने तो खोटा ठरेल हे सांगता येत नाही, म्हणून विज्ञानात तो उपयोगी पडत नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. ईश्वर आहे की नाही, याचा निकाल मात्र या तक्त्यावरून कोणत्याच बाजूने लागत नाही.

प्रश्न : कोडॉनप्रमाणे प्रथिन बनवायला जी एन्झाइमे लागतात ती स्वतःच प्रथिने आहेत. मग पहिले प्रथिन बनले कसे? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : हा सर्वांत कठीण प्रश्न आहे. ट्रान्स्फर आरएनएला योग्य अमिनो आम्ल जोडणारी एन्झाइमे आज प्रथिनेच आहेत. पण रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रात, अमिनो आम्ले एकमेकांना जोडणारी जागा आरएनएची आहे. रायबोसोमची रचना उलगडल्यावर 2000 मध्ये हे नक्की झाले. व्यंकटरमण रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना 2009 चे नोबेल या रचनेसाठीच मिळाले. अमिनो आम्ल आरएनएला जोडून देणारे आरएनए रेणूही प्रयोगशाळेत निवडून काढता आले आहेत. त्यामुळे प्रथिनांच्या आधी आरएनए हे काम करत असावा, या तर्काला आधार आहे. नेमका कोणता कोडॉन कोणत्या आम्लाच्या वाट्याला का गेला, याचे पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. पण ती उणीव भरायला रचनाकार आणला, तर तो हे कसे करतो हेही सांगावे लागेल.

प्रश्न : तक्ते वेगळे आहेत हे मला स्वतः पडताळता येईल का? – एक शिक्षक, लातूर

उत्तर : घरबसल्या येईल. अमेरिकेच्या एनसीबीआय संस्थेच्या मोफत संकेतस्थळावर मानवी तंतुकणिकेच्या डीएनएचा क्रम एनसी_012920 या क्रमांकाने मिळतो, लांबी 16,569 अक्षरे. त्यातला सीओएक्स1 हा जनुक निवडा. सुरुवात अशी दिसेल : एटीजी टीटीसी जीसीसी जीएसी सीजीटी टीजीए. डीएनएत यूच्या जागी टी असतो, म्हणजे सहावा कोडॉन तोच आपला यूजीए. आता भाषांतर करणाऱ्या कुठल्याही ऑनलाइन साधनात हा क्रम टाका. ‘जेनेटिक कोड’ या रकान्यात 1 हा नेहमीचा तक्ता आपोआप निवडलेला असतो. विद्यार्थी हमखास इथेच फसतात आणि क्रमच चुकीचा उतरवला असे समजतात. तक्ता 1 ठेवला तर प्रथिन पाच अमिनो आम्लांवर तुटते. तक्ता 2, म्हणजे पृष्ठवंशीय तंतुकणिकांचा, निवडला की तेच प्रथिन पूर्ण 513 अमिनो आम्लांचे येते.