'माया'चा अर्थ शोधताना

नावांचा अभ्यास नुकताच सुरू केलाय ना? मग उच्चार जुळला की लगेच नातं जोडू नका. 'माया'च घ्या. हिब्रूत हे नाव 'मायिम' म्हणजे पाणी या शब्दाशी जोडतात. ग्रीकांची माइया ही हर्मीस देवाची आई. संस्कृतात तर अर्थच सरकत गेला: ऋग्वेदात अद्भुत शक्ती, वेदान्तात भ्रम. आणि मराठीत जिव्हाळा! शिवणीत आतल्या बाजूला राखलेलं जादा कापड, तीही मायाच. पुढे उसवून कपडा सैल करता यावा म्हणून सोडलेली. मला हा अर्थ फार जवळचा वाटतो. तेव्हा नावांच्या यादीतला एकशब्दी अर्थ उचलण्याआधी, त्या घरात हे नाव कोणत्या भाषेतून आलं ते विचारा.