एलएसला फाइल दिसत नाही, कारण स्टार उलगडतो शेल

तुमच्या दोन तक्रारी आहेत. स्क्रिप्टमधली एलएस "$जागा/*.लॉग" ही ओळ 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणते, पण त्याच फोल्डरमध्ये जाऊन हाताने एलएस *.लॉग दिलं की सगळ्या फाइल्स दिसतात. दुसरी, फाइंड . -नेम *.लॉग दिलं की 'पाथ्स मस्ट प्रिसीड एक्स्प्रेशन' असा एरर येतो. परमिशन बदलून पाहिल्या, काही उपयोग झाला नाही, असंही तुम्ही लिहिलंय. (एलएस ही फाइल्सची यादी दाखवणारी कमांड, फाइंड ही फाइल्स शोधणारी. कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना नेहमीचीच अक्षरं वापरा.)

परमिशन परत होत्या तशा करून ठेवा, त्यांचा इथे काही संबंध नाही. दोन्हीचं मूळ एकच आहे. लिनक्सवर स्टार (म्हणजे * हे चिन्ह, 'इथे काहीही चालेल') एलएसपर्यंत पोहोचतच नाही. बॅश हे तुमचं शेल, म्हणजे तुम्ही दिलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम. ते आधी फोल्डर पाहतं, जुळणारी नावं शोधतं, स्टारच्या जागी ती नावं भरतं आणि मग ती यादी एलएसच्या हातात देतं. अगदी सुरुवातीच्या, १९७१ च्या युनिक्समध्ये हे काम ग्लॉब नावाचा वेगळा प्रोग्रॅम करायचा. पुढे ते शेलच्याच पोटात गेलं. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टवर याच्या उलट असतं: तिथे स्टार जसाच्या तसा प्रोग्रॅमला मिळतो आणि त्याचं काय करायचं ते प्रोग्रॅम ठरवतो. तिथून आलेल्या माणसाला लिनक्सवर चकायला होतं ते यामुळेच.

आता तुमची स्क्रिप्ट बघा. अवतरणचिन्हांच्या आत शेल स्टारला हात लावत नाही, त्यामुळे नावातच स्टार असलेली फाइल एलएस शोधत बसलं. एरर नीट वाचला तर त्यात स्टार तसाच दिसेल. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: एररमध्ये स्टार दिसला, म्हणजे तो उलगडलाच गेला नाही. उपाय म्हणजे अवतरण फक्त व्हेरिएबलला, म्हणजे फोल्डरचं नाव धरून ठेवणाऱ्या $जागाला द्या आणि स्टार बाहेर ठेवा:

एलएस "$जागा"/*.लॉग

अवतरण पूर्णच काढा, असा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. फोल्डरच्या नावात स्पेस आली की तेच नाव दोन तुकड्यांत मोडेल आणि नवीन एरर शोधत बसावं लागेल.

फाइंडच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. इथे स्टार न उलगडता फाइंडला मिळायला हवा होता, कारण आतल्या प्रत्येक फोल्डरमध्ये जुळवणी ते स्वतः करतं. तुम्ही अवतरण दिलं नाही, म्हणून शेलने समोरच्या फोल्डरमधली दोन-चार नावं तिथे भरली आणि फाइंड गोंधळलं. फाइंड . -नेम '*.लॉग' असं लिहा. तुम्हाला एरर आला हे बरंच झालं. समोर जुळणारी एकच फाइल असती, तर फाइंडने मुकाट्याने फक्त त्या नावाच्या फाइल्स शोधल्या असत्या आणि बाकीच्या राहिल्या हे तुम्हाला कळलंही नसतं. अशी अर्धवट यादी मला एररपेक्षा कितीतरी धोकादायक वाटते.

पुढच्या वेळी काही अडलं तर सगळ्यात आधी कमांडच्या पुढे इको लावून पाहा. इको एलएस "$जागा"/*.लॉग दिलं की शेल एलएसला नेमकं काय देणार आहे ते समोर छापून येतं. यादीत नावं आली तर शेलचं काम बरोबर आहे. स्टारच छापला गेला तर एक तर अवतरण चुकलंय, नाहीतर खरंच काही जुळलेलं नाही. काही जुळलं नाही तर बॅश नमुना (म्हणजे *.लॉग) तसाच पुढे पाठवतं, झेडशेल हे दुसरं शेल मात्र 'नो मॅचेस फाउंड' म्हणून तिथेच थांबतं. मला झेडशेलची पद्धत जास्त पटते. बॅशमध्ये तीच हवी असेल तर शॉप्ट -एस फेलग्लॉब द्या. नलग्लॉब हा पर्याय फॉर लूपसाठी (यादीतल्या प्रत्येक फाइलवर तेच काम करण्यासाठी) चांगला आहे, पण एलएसबरोबर तो घात करतो: काही जुळलं नाही की नमुना गायब होतो, नुसतं एलएस उरतं आणि ते अख्खं फोल्डर दाखवतं.

नावं दिसत असूनही जुळत नसतील तर आधी लहान-मोठी अक्षरं तपासा, .लॉग आणि कॅपिटल अक्षरांतलं .लॉग ही बॅशच्या लेखी दोन वेगळी एक्स्टेंशन्स आहेत. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइल्स नुसत्या स्टारला जुळत नाहीत. *.* हा नमुना नावात टिंब नसलेल्या फाइल्स वगळतो. नावाच्या शेवटी चुकून स्पेस पडली असेल तर एलएस -बी दिल्यावर ती उलट्या तिरक्या रेघेसकट दिसते. आणि स्क्रिप्ट विंडोजवरच्या एडिटरमध्ये लिहिली असेल, तर ओळीच्या शेवटचं न दिसणारं कॅरेज रिटर्न नमुन्याला चिकटतं आणि काहीच जुळत नाही. त्यासाठी फाइलवर डॉसटूयुनिक्स चालवा.

एलएस * दिल्यावर आतल्या फोल्डरमधल्या फाइल्सही का दिसतात, हे तुम्ही जाता जाता विचारलंय. कारण तेच: यादीत फोल्डरचं नाव गेलं की एलएस ते उघडून दाखवतं. फक्त नावं हवी असतील तर एलएस -डी *.

लॉग फाइल्स साठत जातात, म्हणून एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. त्या खूप झाल्या की एलएस *.लॉग एक दिवस 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणेल. ती मर्यादा एलएसची नाही, नवीन प्रोग्रॅमला किती लांब यादी देता येते हे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा ठरवतो. लिनक्सवर ती साधारणपणे २०,९७,१५२ बाइट्स असते, तुमच्याकडची गेटकॉन्फ आर्ग_मॅक्स देऊन पाहता येईल. इको हा शेलमध्येच असल्यामुळे त्याला ही अडचण येत नाही. यादी इतकी लांबली की एलएसऐवजी वर दिलेलं अवतरणातलं फाइंडच वापरा, त्याला यादी हातात द्यावीच लागत नाही. जुन्या फाइल्स काढायच्या असतील तर आधी तीच ओळ नुसती चालवून यादी डोळ्यांखालून घाला आणि मगच तिच्या शेवटी -डिलीट जोडा. ते नमुन्याच्या आधी लिहिलंत तर नाव तपासायच्या आधीच फाइल्स उडतात.