कोंबडा, गरुड आणि नाण्याची कड

प्रश्न : आजीच्या डब्यात १९१० सालचं फ्रेंच सोन्याचं नाणं निघालं. एका बाजूला टोपी घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला चक्क कोंबडा! कोंबडाच का? आणि नाणं अस्सल आहे हे घरी कसं ओळखायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लॅटिनमध्ये ‘गॅलस’ म्हणजे कोंबडा, आणि गॉल (आजच्या फ्रान्सचं प्राचीन नाव) देशाचा माणूसही. या श्लेषातूनच तो फ्रान्सचं चिन्ह झाला. राजांच्या नाण्यांवर लिलीची तीन फुलं असत. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीला स्वतःचं चिन्ह हवं होतं, तिनं कोंबडा उचलला. नेपोलियनला मात्र तो दुबळा वाटला. त्यानं १८०४ मध्ये गरुड निवडला. तिसऱ्या प्रजासत्ताकानं (१८७० ते १९४० ची राजवट) १८९९ मध्ये २० फ्रँकच्या नाण्यावर कोंबडा आणला. रचना ज्यूल-क्लेमां शाप्लँ यांची. बाई म्हणजे मारियान, प्रजासत्ताकाचं रूप. तिची फ्रिजियन टोपी गुलामीतून सुटल्याची खूण मानली जाते.

आता नाण्याची कड वाचा, खरी गंमत तिथंच आहे. १९०६ पर्यंतच्या नाण्यांवर ‘देव फ्रान्सचं रक्षण करो’ अशा अर्थाची फ्रेंच अक्षरं आहेत. १९०५ च्या कायद्यानं धर्म आणि शासन वेगळे झाले आणि १९०७ पासून कडेवर ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ आलं. तुमच्या १९१० च्या नाण्यावर देवाचं नाव असेल तर नक्की शंका घ्या.

वजन ६.४५ ग्रॅम, व्यास २१ मिमी, सोनं ९०० टंच, म्हणजे २१.६ कॅरेट. शुद्ध सोनं ५.८ ग्रॅम, जवळपास अर्धा तोळा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा. काटा ०.३७ ग्रॅमच्या आसपास दाखवेल, म्हणजे नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पितळेचं असतं तर याच वजनाला त्याच्या दुप्पट. नाणं तळाला टेकलं किंवा बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो. घासून चकाकवू मात्र नका, संग्राहकाच्या दृष्टीनं किंमत तिथंच जाते.

अस्सल ठरलं तरी ते १९१० मध्येच पाडलं असेल असं नाही. १९५१ ते १९६० दरम्यान पॅरिसच्या टांकसाळीनं १९०७ ते १९१४ ही जुनीच सालं घालून ही नाणी पुन्हा पाडली. सोनं तितकंच, पण रंग जास्त तांबूस.

प्रश्न : १८०७ च्या नाण्यावर ‘सम्राट नेपोलियन’ आणि मागे ‘फ्रेंच प्रजासत्ताक’. बनावट असेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एवढ्यावरून नाही. १८०८ पर्यंतच्या नाण्यांवर दोन्ही आहेत. ‘फ्रेंच साम्राज्य’ ही अक्षरं १८०९ पासून आली.