केसपेपरवर घराचा मजला लिही

प्रिय,

पत्र मिळालं. गोवंडीच्या आरोग्य केंद्रात तुला महिनाही झाला नाही, आणि अमेरिकेतल्या वर्णद्वेषाचा आरोग्यावर होणारा परिणाम वाचून तू विचारतेस, "मॅडम, यातलं इथे काय लागू पडतं?" मोठं उत्तर माझ्याजवळ नाही. केसपेपरवर काय लिहायचं एवढंच सांगू शकते.

आधी तुझ्या टेबलावरचं पल्स ऑक्सिमीटर बघ. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असताना या यंत्राचा आकडा ठीक दिसायचं प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आहे. यंत्र बोटातून प्रकाश सोडून मोजतं, आणि त्वचेतल्या रंगद्रव्याचा हिशोब त्यात नीट धरलेला नव्हता. कोविडमध्ये आपणही याच आकड्यावर माणसं घरी धाडली. माझ्या डोक्यातून ते जात नाही. तेव्हा सावळा माणूस धापा टाकत आला, तर आकडा ९५ दिसला तरी त्याचा श्वास मोज.

इथे वंशाच्या जागी जात आणि पत्ता येतो, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच गल्लीत राहतात. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांनी माटुंगा, चेंबूर आणि दहिसर भागातल्या तीन वॉर्डांत लोकांचं रक्त तपासलं. वस्त्यांमध्ये ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता, इमारतींमध्ये १६ टक्के. त्याच वॉर्डात, त्याच महिन्यात. ज्या घराचा संडास शंभर जणांत सामाईक आहे, त्याला 'घरातच राहा' सांगून आपण काय सांगत होतो?

आता माझी चूक. एका केंद्राची जबाबदारी माझ्याकडे होती तेव्हाची. देवनारच्या कचऱ्यात प्लॅस्टिक वेचणारी एक बाई टीबीच्या उपचारावर होती. तेव्हा गोळ्या आमच्यासमोर बसून घ्याव्या लागत, सकाळी दहा ते बारा. तिसऱ्या आठवड्यापासून ती यायची बंद झाली. मी लाल शाईने लिहिलं: 'औषध सोडलं. समजावूनही ऐकत नाही.' आमची आरोग्यसेविका बाजूला उभी होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, तिच्याकडे पाणी अकराला येतं." नळ एक, घरं बारा. नंबर गेला की दिवसभर ड्रम रिकामा. मी त्या वस्तीत कितीदा तरी गेले होते, पण पाणी कधी येतं हे विचारायचं सुचलं नव्हतं. मग गोळ्या आरोग्यसेविकेच्या घरी संध्याकाळी द्यायच्या ठरल्या, आणि बाईने कोर्स पुरा केला. लाल शाईची ती ओळ मात्र मी खोडली नाही. खोडायला हवी होती असं कधी वाटतं, कधी नाही.

वस्तीसाठी पाण्याचा निकष माणशी रोज ४५ लिटर, इमारतीसाठी १३५, हे तुला माहीत असेलच. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की वस्ती अनधिकृत असली तरी माणसांना पाणी नाकारता येणार नाही. त्या निकालाची प्रत केंद्रात ठेव. अर्ज लिहायला लोक येतात तेव्हा उपयोगी पडते. जलखात्याच्या इंजिनिअरशी ओळख वाढव, औषधकोठीच्या फार्मासिस्टइतकीच.

आणि रुग्णाच्या घराचा मजला लिही. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती तू पाहिल्यायस. दोन इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर अंतर. तळमजल्यावर भरदुपारी ट्यूबलाइट. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासात इथे टीबी जास्त आढळला, आणि जिथे इमारतींमध्ये मोकळी जागा आहे त्या शेजारच्या पीएमजी कॉलनीत कमी. झोपडीतून काढून पक्क्या घरात नेलेली ही माणसं. म्हणून पत्त्यासोबत मजला, खिडकी आहे की नाही, पाण्याची वेळ आणि काम, एवढं नोंदव. छापील रकाना नाही, मार्जिनमध्ये लिही. सहा महिन्यांनी तीच पानं घेऊन वॉर्ड ऑफिसात जा. 'लोक बेफिकीर आहेत' म्हणणाऱ्यापुढे मजल्यानुसार मोजलेले टीबीचे रुग्ण ठेवले की तो जरा वेळ गप्प बसतो.

जात मात्र कोणी लिहीत नाही, विचारतात. "आडनाव काय?", मग "मूळचे कुठले?", आणि मग आवाज बदलतो. कंत्राटावर गटार साफ करणाऱ्या माणसाला खुर्ची न देता, स्टेथोस्कोप हाताच्या लांबीवरून टेकवून तपासलेलं मी पाहिलंय, शिकलेल्या माणसाकडून. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी तो खोकत आपल्याकडे येतोच. त्याला बसव. पिण्याच्या पाण्याजवळ वेगळा पेला ठेवलेला दिसला तर त्याच दिवशी उचल. कोणी ठेवला याची चौकशी करत बसू नकोस, त्यात महिना जाईल.

पोटाचं विसरू नकोस. झारखंडमध्ये टीबी रुग्णाच्या घरच्यांना महिन्याचं धान्य दिलं, तेव्हा त्यांच्यातला टीबी ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास घटला. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्याकडे टीबी रुग्णाच्या आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये आहेत, आधी ५०० होते. ते खात्यात खरंच पडले का, हे दर महिन्याला पासबुक मागून बघ. आधार जुळत नाही म्हणून अडकलेले पैसे सोडवणं हेही डॉक्टरचंच काम. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

रविवारी मोकळी असशील तर मानखुर्द स्टेशनला पूर्वेकडे भेट, साडेदहाला. अकराचा नळ तुला दाखवायचाय.

तुझी,
मॅडम